घोडीच्या नाकातल्या बुरशीबद्दल

प्रिय दिनू,

तू कळवलंस तसं, घोडीच्या डाव्या नाकपुडीतून दोन महिने घाण वासाचा शेंबूड, मधूनच रक्ताची रेघ, आणि अँटिबायोटिक दिलं की चार दिवसांपुरता उतार. बुरशीचा तुझा संशय रास्त आहे. पण सगळ्यात आधी ग्लँडर्सची, म्हणजे घोड्यांच्या एका जिवाणूजन्य संसर्गाची तपासणी. सरकारी पशुवैद्यकाकडून रक्त हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे पाठव. तो रोग माणसालाही होतो, तेव्हा अहवाल येईपर्यंत हातमोजे, मास्क, आणि घोडीची बादली वेगळी.

दुसरा संशय दाढेचा. वरच्या मागच्या दाढांची मुळं सायनसला खेटून असतात, म्हणून एक्स-रे हवाच. एक सोपी गोष्ट तू आजच कर: थंड स्टीलचं ताट दोन्ही नाकपुड्यांसमोर धर. डावीकडचा वाफेचा डाग लहान उमटला तर आत काहीतरी अडलंय.

खरं उत्तर नाकात घालायच्या दुर्बिणीतच (एंडोस्कोप) मिळेल. बुरशी असेल तर करड्या-हिरवट किंवा काळपट खपल्या दिसतील. नाकपुडीत बोळा फिरवून केलेल्या कल्चरवर मात्र विसंबू नकोस. अ‍ॅस्परजिलस या बुरशीचे बीजाणू कडब्याच्या धुळीत असतातच, ते निरोगी घोड्याच्या नाकातही सापडतात. खपलीखालचा तुकडा काढून त्यात बुरशीचे धागे शिरलेले दिसले, तरच निदान पक्कं.

आता उपचार. खपली तशीच ठेवून वर औषध ओतणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. डॉक्टर झायलाझिन हे गुंगीचं औषध देऊन, दुर्बिणीतून बघत खपल्या सोडवतील. गुंगीत मान खाली येते ती तशीच राहू दे, म्हणजे धुण्याचं पाणी श्वासनलिकेत न जाता नाकातून बाहेर येईल. धुवायला कोमट सलाइन घ्या, लिटरला 9 ग्रॅम मीठ. मऊ नळी नाकाच्या तळाशी सरकवायची. वर वळली तर मागच्या नाजूक हाडांना लागून भळाभळा रक्त येतं. धुऊन झालं की डॉक्टर सांगतील ते बुरशीनाशक आत सोडायचं.

पोटातून इट्राकोनाझोल हे बुरशीनाशक, किलोला 5 मिलिग्रॅम, रोज एकदा. घोडी 360 किलोची धरली तर 1800 मिलिग्रॅम, म्हणजे मिलीला 10 मिलिग्रॅम असलेलं पातळ औषध रोज 180 मिली. खिशाला चाट आहे खरी, पण कॅप्सूल घोड्याच्या अंगी फारच कमी लागते. स्वस्त म्हणून फ्लुकोनाझोल आणू नकोस, अ‍ॅस्परजिलसवर ते चालत नाही. घोडी गाभण असेल तर आधी सांग. तेव्हा ही औषधं जपून द्यावी लागतात, आणि बुरशीवर कधी कधी देतात ते आयोडाइड तर नकोच, शिंगराला गलगंड होतो.

महिन्याभरात वास गेला की लोक औषध थांबवतात आणि तिथेच फसतात. तीन-चार महिनेही लागू शकतात. दुर्बिणीत जागा स्वच्छ दिसेपर्यंत थांबायचं नाही. सूज उतरावी म्हणून स्टेरॉइड कुणी सुचवलं तर सरळ नाही म्हण, त्याने बुरशीला मोकळं रान मिळतं. चारा भिजवून दे, तोही जमिनीवर.

आणि रेघेऐवजी रक्ताची धार लागली, किंवा गिळलेला चारा नाकातून येऊ लागला, तर बुरशी घशामागच्या पिशवीत, मोठ्या धमनीवर असू शकते. पहिली धार बहुतेकदा आपोआप थांबते, पुढची जीव घेऊ शकते. धमनी बंद करणारी शस्त्रक्रिया जिथे होते तिथे लगेच फोन कर, सकाळची वाट पाहू नकोस.

तुझा,
अण्णा