काका, शंभर रुपयांचं तिकीट तुमच्यामुळे टिकलं

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

तुम्हाला शाल-श्रीफळ चालत नाही, आणि आभाराचं भाषण सुरू झालं की तुम्ही मागच्या बाकावरून उठून पाण्याचे जार बघायला जाता. म्हणून हे पत्र, आणि तेही जाहीर. गावोगावी आमच्यासारखी मंडळी पदरमोड करून मेळावे भरवताहेत. तुम्ही आम्हाला जे दाखवलंत, ते त्यांच्याही हाती पडावं असं मनापासून वाटतं.

मुक्त सॉफ्टवेअर, म्हणजे कुणालाही वापरता, बदलता आणि वाटता येतील असे संगणकाचे प्रोग्राम, आणि मराठीतून संगणक हा आमच्या मेळाव्याचा विषय, आणि तुम्ही त्याचे खजिनदार. वर्षातून एक रविवार. पहिलं अंदाजपत्रक आम्ही चारचौघांसारखंच मांडलं होतं: हॉटेलातला हॉल, बुफे जेवण, पिशव्या, टी-शर्ट, फ्लेक्स, सन्मानचिन्हं. खाली बेरीज, आणि मग ती भरणारा शोधायचा. भरणारा मिळालाही. एका मोठ्या कंपनीने सगळा खर्च उचलायची तयारी दाखवली. मेळाव्याच्या नावाच्या वर त्यांचं नाव, उद्घाटनानंतरचा पहिला तास त्यांच्या माणसाला, आणि नोंदणी केलेल्या सगळ्यांचे फोन नंबर, एवढं त्यांना हवं होतं. आमच्यात त्यावरून दोन तट पडले. रात्री उशिरापर्यंत वाद चालला.

तुम्ही कंपनीबद्दल एक शब्दही वाईट बोलला नाहीत. अंदाजपत्रकाचा कागद उलटा केलात आणि म्हणालात, "कोण आलंच पाहिजे, ते आधी लिहा." आम्ही लिहिलं. सुरगाणा-पेठकडून शिकायला नाशकात आलेली मुलं. सातपूर-अंबडला पाळीत काम करणारी आयटीआयची पोरं. घर सांभाळून डीटीपी करणाऱ्या बायका. जिल्हा परिषदेचे शिक्षक. "आता यांच्यातला सगळ्यात अडचणीतला माणूस किती देऊ शकेल, ते लिहा." शंभर रुपये, असं ठरलं. "मग खर्च त्यात बसवा. नाहीच बसला तर काय कापायचं ते बोलू. पैसे कुणाकडे मागायचे, हे सगळ्यात शेवटी."

काका, माझ्या मते आमचा मेळावा त्या रात्री वाचला. स्वतंत्र राहायचं म्हणजे चांगला देणगीदार शोधायचा, अशी आमची समजूत होती. तुम्ही दाखवलंत की हा प्रश्न जमेच्या बाजूला सुटतच नाही, खर्चाच्या बाजूला सुटतो. एकदा हॉटेल आणि बुफेची सवय लागली की देणारा पुढच्या वर्षी आला नाही तरी सवय मागे राहते. मग तिकीट वाढतं, नाहीतर मेळावा बंद पडतो.

कापाकापी तुम्ही आमच्याकडूनच करून घेतलीत. रविवारी रिकामे असणारे कॉलेजचे वर्ग मागितले. पिशव्या, टी-शर्ट गेले. सत्कार आणि सन्मानचिन्हं गेली, त्याबरोबर सकाळचा पाऊण तासही वाचला. जेवण बचतगटाच्या ताईंकडून घेतलं: पिठलं, भाकरी, ठेचा, भात. मात्र त्यांच्या दरात एक रुपयाही घासाघीस करू दिली नाहीत, हे मला फार मोलाचं वाटतं. काटकसर गरिबाच्या मजुरीतून करायची नाही, असं तुमचं म्हणणं होतं. इंटरनेटचा मोठा खर्चही वाचला. डेबियनसारखी संगणक चालवणारी मुक्त प्रणाली प्रत्येकाने इंटरनेटवरून वेगळी उतरवायची गरज नव्हती. आधीच एका लॅपटॉपवर ठेवून, संगणक एकमेकांना जोडणारा स्विच आणि केबल वापरून ती वर्गभर वाटता आली. एम. जी. रोडच्या एका दुकानदाराने स्विच आणि एक्स्टेंशन बोर्ड दिवसभरासाठी वापरायला दिले. त्याचं नाव आभाराच्या फलकावर इतरांच्याच आकाराच्या अक्षरात लागलं.

आणि एसटी! वेळापत्रक ठरवायला आम्ही बसलो तेव्हा तुम्ही सीबीएसवर, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर जाऊन सुरगाणा, पेठ, कळवण, त्र्यंबकच्या परतीच्या गाड्यांच्या वेळा लिहून आणल्या होत्या. आम्ही संध्याकाळी सहाला समारोप धरला होता. तुम्ही तो चारवर आणलात. मुलगी शेवटची गाडी चुकेल म्हणून धास्तावलेली असेल तर दुपारपासून तिचं लक्ष घड्याळाकडेच राहणार, असं म्हणालात. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे. येण्याजाण्याचा खर्च त्यामुळे निम्म्यावर आला होता, पण परतीची गाडीच नसेल तर त्या सवलतीचा काय उपयोग? मेळावा सर्वांसाठी खुला आहे असं फलकावर कुणीही लिहितो. तो खरंच खुला आहे का, हे गाड्यांच्या वेळांवरून कळतं, हे मला तुमच्यामुळे समजलं. ज्यांना शंभरही जड होते त्यांच्यासाठी नोंदणीच्या कागदावर तुम्ही एक चौकट ठेवलीत, 'शुल्क नको'. कारण विचारायचं नाही, दाखला मागायचा नाही. तुम्ही स्वतः मात्र शंभर भरून पावती घेतलीत.

आमच्यातला एक जण तेव्हा परदेशातली उदाहरणं सांगत होता. ब्रुसेल्सला विद्यापीठाच्या आवारात २००१ पासून फॉसडेम हे मुक्त सॉफ्टवेअरचं संमेलन भरतं, हजारो लोक येतात, प्रवेशशुल्क नाही, नोंदणीसुद्धा नाही. जर्मनीत १९८४ पासून भरणारी केऑस काँग्रेस ही संगणकप्रेमींची परिषद प्रायोजकांशिवाय चालते, तिकिटांवर आणि स्वयंसेवकांच्या कष्टांवर. २०२३ साली कोचीला डेबियनची जागतिक परिषद झाली, तिथे ज्यांना परवडत नाही त्यांच्या प्रवासाचा आणि राहण्याचा खर्च देण्याची सोय होती. तुम्ही सगळं कान देऊन ऐकलंत आणि मग म्हणालात, "आपल्या गोदाकाठी काय चालतं ते पण बघा की." यशवंतराव महाराज पटांगणावरची वसंत व्याख्यानमाला १९२२ पासूनची. मे महिन्याच्या संध्याकाळी कुणीही यावं, बसावं, ऐकावं. डिसेंबर २०२१ मध्ये नाशकात दोन साहित्य संमेलनं झाली, त्यातल्या विद्रोही संमेलनासाठी कार्यकर्त्यांनी मूठभर धान्य आणि एक रुपया मागितला होता. ज्याने मूठभर तांदूळ दिला तो मांडवात पाहुणा म्हणून येत नाही, असं तुम्ही म्हणालात. सार्वजनिक वाचनालय १८४० पासून या गावात उभं आहे. लोकांच्या वर्गणीवर काम उभं करणं नाशिकला नवीन नाही, आम्हीच ते विसरत चाललो होतो.

प्रायोजक अजिबात नकोत, असा तुमचा हट्ट कधीच नव्हता. एकूण खर्चाच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त कुणा एकाकडून घ्यायचं नाही, एवढी एकच रेघ तुम्ही ओढलीत. मंच विकायचा नाही, लोकांचे नंबर द्यायचे नाहीत, हे त्या रेघेमुळे आपोआप सोपं झालं. दहातला एक रुसला तर मेळावा अडत नाही, म्हणून कुणाला घाबरावं लागत नाही. त्या कंपनीलाही आम्ही हाच हिस्सा देऊ केला होता. त्यांनी नाही म्हटलं, आणि त्यांचा तो हक्क आहे.

तुमचं आयुष्य पतसंस्थेच्या हिशेबांत गेलं. दोन सह्यांचं खातं, प्रत्येक रुपयाला पावती, आणि तिसऱ्या दिवशी जमाखर्च सर्वांना दिसेल असा फलकावर. त्यात उरलेल्या भाकऱ्यांचे पैसेसुद्धा होते. पहिल्या वर्षी हा फलक वाचून एका शिक्षकांनी पुढच्या वर्षीसाठी तिथल्या तिथे पाचशे रुपये दिले. अशी माणसं वाढत गेली. आज आमचा बराचसा खर्च अशा लहान रकमांतून निघतो, आणि तिकीट अजून शंभरच आहे.

यंदा खजिनदारपण सोडतो म्हणालात. तुमच्या हाताखाली तयार झालेल्या दोघी ते सांभाळतील. त्यांतली एक पेठची आहे, पहिल्या वर्षी 'शुल्क नको' वर खूण करून आलेली. हे तिनेच मला सांगितलं आणि पत्रात लिही म्हणाली. दहाव्या हिश्श्याची रेघ आम्ही नियमावलीत घातली आहे. ती बदलायची तर सर्वांच्या सभेत बदलावी लागेल.

काका, तुमचे मनापासून आभार. पावती पुस्तकं आणि पासबुक घेऊन आम्ही तिघी सोमवारी सकाळी येतो. दोघींना हिशेबाची शेवटची जुळणी तुमच्यासमोर करायची आहे, आणि त्यांच्याकडे प्रश्नांची यादी बरीच लांब आहे, तेव्हा दुपारपर्यंतचा वेळ मोकळा ठेवा.

तुमची,
मेळाव्याची एक कार्यकर्ती
नाशिक