शनिवारच्या स्नेहभोजनाची आठवण

सभासदहो, नमस्कार.

संगीत नाटक विभागाच्या निधीसाठी शनिवारी संध्याकाळी साडेसहाला जमायचं आहे. आधी तासभर नाट्यपदं, मग पंगत: कडक भाकरी, शेंगाचटणी, भरली वांगी, शेंगापोळी. जमलेल्या पैशातून आपल्या ऑर्गनचा भाता दुरुस्त होईल. ऐन तानेत तो दम सोडतो आणि गाणाऱ्याचा चेहरा उतरतो, ते आता बघवत नाही.

१९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले हे गायक नट ‘संयुक्त मानापमान’मध्ये, म्हणजे ‘मानापमान’ या संगीत नाटकाच्या दोघांच्या मंडळ्यांनी मिळून केलेल्या प्रयोगात, एकत्र उभे राहिले होते. निधीसाठी गाणं ही आपल्या रंगभूमीची जुनीच रीत!

ताटाची वर्गणी गुरुवारपर्यंत खजिनदारांकडे द्यावी, म्हणजे भाकऱ्यांचा अंदाज येईल. सोलापूरबाहेरून येणाऱ्यांनी मुक्कामाचं आधी कळवावं. सभासदांच्या घरी सोय करू.