फादर, त्या दुपारी तुम्ही बायबल मिटलंत

प्रिय फादर,

तुमची बदली होऊन पाच वर्षं झाली. नाताळला फोन होतो, तब्येतीची विचारपूस होते, आणि जे बोलायचं ते राहूनच जातं. म्हणून आज चारचौघांसमोर लिहायला बसलो. ज्यांच्या घरातलं असं अवेळी कुणी गेलं असेल, त्यांच्याही हे वाचनात यावं.

दादा गेला तेव्हा २९ वर्षांचा होता. कामावरून परतताना, हायवेवर. महिनाभर आमची ओटी माणसांनी भरलेली असायची आणि येणारा प्रत्येक जण आईला तेच सांगायचा : देवाची इच्छा, चांगली माणसं त्याला लवकर हवी असतात. आई मान हलवायची. महिन्याची मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, झाली आणि तिने देवळात जाणं सोडलं. घरातली संध्याकाळची प्रार्थनाही बंद पडली. तिची जपमाळ अल्ताराशेजारच्या, म्हणजे घरातल्या वेदीशेजारच्या, खिळ्याला नुसती लटकत राहिली.

तुम्ही यायचात, विहिरीजवळच्या बाकावर बसायचात, केळीचं आणि पाण्याचं विचारायचात. आई मिस्सेला का येत नाही, हे एकदाही विचारलं नाहीत. मला तुमचा राग यायचा. वाटायचं, हे धर्मगुरू आहेत, हे नाही बोलणार तर कोण बोलणार?

मग उपवासकाळातल्या एका रविवारी दुपारी तुम्ही लॅपटॉप आणि बायबल घेऊन आलात. आम्हा पोरांना तुमच्या सिनेमाची सवय होती. हॉलमध्ये पांढरी चादर ताणून तुम्ही आम्हाला इराणचे, जपानचे, पोलंडचे सिनेमे दाखवले होते. जगाच्या पाठीवर कुठेही माणूस जेवतो कसा, रडतो कसा, हे मी त्या चादरीवर पाहिलं. पण आई? ती आयुष्यात कधी पूर्ण सिनेमाला बसली नव्हती.

तुम्ही लावलात तो पासोलिनी या इटालियन दिग्दर्शकाचा मत्तयच्या शुभवर्तमानावरचा, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या कथेवरचा, १९६४चा सिनेमा. काळापांढरा, इटालियन भाषेतला. त्यातले संवाद थेट मत्तयच्या पुस्तकातून उचललेले, म्हणून तुम्ही खालच्या इंग्रजी ओळी झाकल्यात आणि मांडीवर मराठी बायबल उघडून पडद्याबरोबर वाचत गेलात. दर शुभ शुक्रवारी टीव्हीवर दिसणारा निळ्या डोळ्यांचा येशू इथे नव्हता. हा एक स्पॅनिश विद्यार्थी, कधी अभिनय न केलेला, भुवया जवळजवळ जुळलेल्या. थोड्या वेळाने आई पहिल्यांदा बोलली, “हा तर आपल्या आळीतला पोरगा वाटतो.”

क्रुसाचा प्रसंग आला. काळ्या वस्त्रातली म्हातारी मरिया कोसळते, बायका तिला सावरतात. तुम्ही बायबल मिटलंत. म्हणालात, “इथे मत्तयने काही लिहिलेलं नाही. क्रुसापाशी आई किती रडली, हे त्याच्या पुस्तकात नाही.” आणि मग सांगितलंत की पडद्यावरची ही बाई म्हणजे दिग्दर्शकाची सख्खी आई, सुझान्ना. तिचा धाकटा मुलगा ग्विदो १९४५ साली युद्धात मारला गेला, १९ वर्षांचा असताना. तो फॅसिस्टांविरुद्ध लढत होता, आणि त्याला मारलं ते फॅसिस्टांशीच लढणाऱ्या दुसऱ्या गटाने.

आईने विचारलं, “पोराने आईला हे परत करायला लावलं?”

“हो.”

“आणि ती उभी राहिली?”

तुम्ही फक्त मान डोलावलीत. आईने पदर तोंडाशी धरला आणि रडली, अंत्यविधीलाही रडली नव्हती तशी. तुम्ही लॅपटॉप बंद केला नाहीत, तिच्या पाठीवर हात ठेवला नाहीत, एक शब्द बोलला नाहीत. पुनरुत्थानापर्यंत सिनेमा चालू राहिला. फादर, मी आभार मानतो आहे ते त्या न बोलण्याचे. आमच्या घरात येऊन न बोलणारे तुम्ही एकटेच होतात.

हा दिग्दर्शक स्वतःला नास्तिक म्हणवायचा आणि तरीही त्याने तो सिनेमा दिवंगत पोप तेविसावे जॉन यांच्या स्मृतीला अर्पण केला, हे तुम्ही जाताना मला फाटकापाशी सांगितलंत. त्या दिवसांत मी काय मानत होतो, मलाच ठाऊक नव्हतं. त्या वाक्याने मला धीर आला. अजून येतो.

२०१९ साली आम्ही रोमला गेलो तेव्हा आईने हट्ट धरला, तो सिनेमा जिथे काढला तिथे जायचंच. दक्षिणेला बारीपर्यंत गेलो आणि तिथून मातेरा. दरीच्या कडेला खडकात कोरलेली घरं, एकावर एक चढलेली. १९५२च्या कायद्याने माणसांना तिथून हलवलं, नंतर १९९३ला युनेस्कोच्या वारसा यादीत नाव आलं. पासोलिनीने यालाच जेरुसलेम केलं. एका गुहेतलं जुनं घर बघायला ठेवलंय : एकाच खोलीत पलंग, चूल आणि खेचराची जागा. आईने पलंगाच्या उंचीवर हात ठेवून पाहिला आणि म्हणाली, “बाळंतपणं इथेच झाली असतील.” मग पलीकडच्या उघड्या माळावर गेलो. वारा इतका की तिचं तांबडं लुगडं माझ्या मुलीने दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं. आईने कमरेच्या पिशवीतून जपमाळ काढली. तीच, खिळ्यावरची. ती बरोबर आणलीय हे मला माहीतही नव्हतं. तिने पाच नमो मरिया म्हटले, मोठ्याने, मराठीत.

आणखी एक तुम्हाला सांगायचं राहिलं. पासोलिनीचा खून झाला २ नोव्हेंबर १९७५ला पहाटे, म्हणजे आपण कबरींवर मेणबत्त्या लावतो त्याच दिवशी. सुझान्ना तेव्हाही जिवंत होती. हे मी आईला सांगितल्यापासून दादाच्या कबरीवर ती तीन मेणबत्त्या लावते. मुलीने पहिल्या वर्षी विचारलं, बाकीच्या दोन कुणाच्या? आई म्हणाली, “तिच्या पोरांच्या.”

या नोव्हेंबरला जमलं तर या. बाक विहिरीपाशीच आहे, आणि आई विचारत होती, फादर अजून बिनसाखरेचाच चहा घेतात का.

तुमचा,
हॉलमध्ये चादर ताणायला मदत करणारा