आकडे छापलेत, शोध राहिला

संपादक महोदय,

आपल्या जिल्हा पुरवणीत रेण्वीय जीवशास्त्रातील एका संशोधकांच्या सत्काराची बातमी वाचली. पेपर किती, सायटेशन्स (म्हणजे इतर संशोधकांनी आपल्या पेपरांत दिलेले त्यांचे संदर्भ) किती, ‘एच-इंडेक्स’ किती, सगळे आले. त्यांचे अभिनंदनच. पण त्यांनी शोधले काय, याबद्दल एवढ्या मोठ्या बातमीत एक ओळ नाही.

मी अनेक वर्षे जीवरसायनाची प्रात्यक्षिके घेतली. ‘सर, आज लोरी आहे ना?’ असे विचारत मुले यायची. फोलिनचे द्रावण घातले की परीक्षानळीत निळा रंग येतो. तो जितका गडद, तितकी प्रथिने जास्त. प्रथिने मोजण्याची ही पद्धत सांगणाऱ्या ऑलिव्हर लोरी यांच्या १९५१ च्या पेपरला ३ लाखांहून अधिक सायटेशन्स आहेत. वॉटसन आणि क्रिक यांचा डीएनएवरचा १९५३ चा जेमतेम पानभराचा पेपर त्याच्या जवळपासही नाही. पद्धत वापरली की तिचा संदर्भ द्यावाच लागतो. डीएनएची दुपेडी रचना मात्र शाळेच्या पुस्तकात गेली. आता तिच्यासाठी संदर्भ देतो कोण?

आणि गंमत पाहा, एच-इंडेक्समध्ये लोरींचा तो पेपर फक्त एक म्हणून मोजला जातो. इंडेक्स २० म्हणजे प्रत्येकी किमान २० सायटेशन्स असलेले २० पेपर. मग त्यातल्या एखाद्याला ५० मिळोत की ३ लाख, हिशेब तोच!

हे माप जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये मांडले. त्याच वर्षी कातालिन कारिको आणि ड्रू वाइसमन यांनी दाखवले की एमआरएनए या, पेशीला प्रथिने बनवण्याचा निरोप देणाऱ्या रेणूतला एक घटक किंचित बदलला, तर शरीराची प्रतिकारयंत्रणा त्यावर तुटून पडत नाही. तेव्हा त्याची फारशी दखल कोणी घेतली नाही. संशोधन निधी मिळत नाही म्हणून कारिकोबाईंना विद्यापीठाने १९९५ मध्येच खालच्या पदावर आणले होते. पुढे कोविडच्या एमआरएनए लशी याच कामावर उभ्या राहिल्या आणि २०२३ चे नोबेल दोघांना मिळाले. २००६ मध्ये त्यांच्यावर बातमी करायची ठरली असती, तर आकडे पाहून आपल्या बातमीदाराने ती केली असती का?

पुढच्या सत्काराच्या वेळी संशोधकांना एवढेच विचारा: आठवीच्या मुलाला कळेल असे दोन वाक्यांत तुमचे काम सांगा. ती दोन वाक्ये आधी छापा, आकडे खाली चौकटीत चालतील.

– एक निवृत्त प्राध्यापक, कोल्हापूर