दापोलीला येणं लांबलंय

परळ, मुंबई

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर धीर होईना, म्हणून लिहितेय. जूनमध्ये तिकडच्या दवाखान्यात रुजू होणार होते, त्यांना मी नकार कळवलाय. आणखी एक वर्ष इथेच. बाबा, रागावू नका, आधी पूर्ण वाचा.

आमच्या मानसोपचार वॉर्डात नर्सिंगच्या मुलींना न्यूरोफीडबॅक शिकवायचं ठरलंय. डोक्याला सेन्सर लावले की मेंदूच्या लहरी पडद्यावर दिसतात. हव्या त्या वाढल्या की चित्र पुढे सरकतं, आणि पेशंटला हळूहळू ते साधायला लागतं. आई, शॉक नसतो गं! यंत्र फक्त वाचतं, आत काही सोडत नाही.

मुलींना हौस दांडगी. पण परवा पेशंटनं दात आवळले, जबड्याच्या स्नायूंमुळेच पडद्यावर रेघा दाटल्या, आणि आमची एक पोर सुधारणा समजून "छान, छान" म्हणत राहिली. त्याहून अवघड पुढेच होतं. एका बाईनं विचारलं, "माझा मुलगा शांत होईल ना?" सगळ्या गप्प. चंचल मुलांवरच्या काटेकोर चाचण्यांत खोट्या, म्हणजे यंत्र लावल्याचा नुसता देखावा केलेल्या, सेशनपेक्षा फारसा फायदा दिसलेला नाही. वीस ते चाळीस सेशन, दर वेळी पोराला घेऊन लोकलचे धक्के, वर पैसे. हे सगळं सांगायचं आणि तिची उमेदही मोडायची नाही. मलाच अजून ते जमत नाही, तर मुलींना काय शिकवू? बाबा, तुमच्या झोपेसाठी ते लावायला म्हणूनच नाही म्हटलं. तुमच्यावर शिकायचं नाहीये मला.

सेन्सरची जागा टेपनं मोजतात. नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत, मग या कानापासून त्या कानापर्यंत. मधोमध टाळू येते. तिथे भांग पाडून पेस्ट लावताना, आई, तुझी बोटं आठवतात. रविवारी पडवीत बसवून तेल जिरवायचीस, मी पेंगायचे.

माझी काळजी नको. डबा चांगला आहे, खोलीत ऊन येतं. तुमच्याकडे पाणी भरायला आणि बाजाराला येणाऱ्या मुलाचे पैसे मी परस्पर देईन, त्यावर वाद नको. बाबा, संध्याकाळी पाचनंतर चहा बंद, दुपारची झोप अर्धा तास. बीपीची गोळी "आज बरं वाटतंय" म्हणून चुकवायची नाही. आई, विहिरीवर एकटी जाऊ नकोस, गुडघा आठव.

गणपतीला आठ दिवसांची रजा मंजूर झालीय. माझी गादी उन्हात घालून ठेव.

तुमची,
बाय