दिवसाला एक मिलिमीटर

प्रिय पम्या,

तुझा मेसेज येऊन आठवडा झाला, पण डाव्या हाताच्या एका बोटानं टाइप करून राहिलो बे, त्यामुळं उशीर झाला, शिव्या नको देऊ. हाताचं विचारलं होतंस ना. संक्रांतीला सक्करदऱ्याकडून गाडीवर येत होतो, नायलॉन मांजा गळ्याशी आला तसा हात आडवा घातला, गळा वाचला आणि मनगट गेलं. आतली मेडियन नर्व्ह, म्हणजे बोटांना स्पर्श देणारी नस, पूर्ण कापली. सर्जननी मायक्रोस्कोपखाली केसाहून बारीक धाग्यानं शिवली तेव्हा मला वाटलं वायर जोडली, आता लाइट लागणार. कशाचा लाइट! कापलं त्याच्या पुढचे सगळे तंतू मरूनच जातात, हे वॉलर नावाच्या माणसानं १८५० मध्येच बेडकाच्या जिभेच्या नसा कापून दाखवलं होतं. मग मागच्या टोकातून नवा तंतू फुटतो आणि जुन्या नळीतून पुढं सरकतो, दिवसाला साधारण १ मिलिमीटर. म्हणजे मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत सहा-सात महिने, मोज तूच. डॉक्टर तळहातावर बोटानं टकटक करत जातात, जिथं करंट बसल्यासारखी झिणझिण होते तिथवर तंतू आला समजायचं. आता मे महिना आहे आणि माझी झिणझिण मधल्या बोटाच्या बुडाशी पोचली, इतका आनंद मला दहावीच्या निकालाला पण झाला नव्हता.

पण खरं सांगायचं ते वेगळंच आहे. फिजिओथेरपीला काटोलकडचा एक पोरगा येते, संत्र्याच्या बागेतल्या विहिरीत पडला, पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू दुखावला, पाय हलत नाहीत. परवा माझी टकटक पाहून म्हणे, "दादा, तुमची नस वाढून राहिली, मंग माही काऊन नाही वाढत?" मी गप्प झालो. घरी येऊन रात्रभर वाचत बसलो, बाहेर कूलर घरघरतोय आणि मी नसा वाचतोय, बायको म्हणे वेड लागलं.

तर भानगड अशी की हातापायाच्या नसांना श्वान (Schwann) नावाच्या मदतनीस पेशी असतात, नस तुटली की त्या पडझड साफ करतात, मदतीला सफाईवाल्या पेशी बोलावतात आणि मग रांग धरून नव्या तंतूसाठी वाट करून देतात, वर खाऊ पण पुरवतात. मेंदू आणि मज्जारज्जूत हे काम करणारं कोणी नाही. तिथल्या तंतूंवरचं वेष्टण वेगळ्या पेशी बनवतात, त्याचा कचरा महिनोन्‌महिने पडून राहतो आणि त्यातच वाढत्या टोकाला थांबवणारी प्रथिनं असतात, एकाचं तर नावच नोगो आहे, म्हणजे जाऊ नको! त्यावर जखमेभोवती व्रण तयार होते. तो व्रण नुसता दुष्ट नाही बरं, सूज पसरू देत नाही, पण त्यातले पदार्थ तंतूला पुढं पण जाऊ देत नाहीत.

मग दोष जागेचा की पेशीचा? १९८१ मध्ये मॉन्ट्रियलला डेव्हिड आणि अग्वायो या संशोधकांनी मोठ्या उंदरांच्या पायाच्या नसेचा तुकडा मज्जारज्जूला पुलासारखा लावला, तर आतले तंतू त्या पुलातून चक्क सुमारे ३ सेंटिमीटर वाढले, आणि पूल संपून परत मज्जारज्जूत शिरले की थोड्या अंतरावर थांबले. गंमत पाह, स्पर्शाच्या पेशीला दोन फांद्या असतात, एक हाताकडं, एक मज्जारज्जूत, पेशी तीच, पण पहिली वाढते आणि दुसरी अडते.

सगळं जागेवर ढकलून पण चालत नाही म्हणा. मोठेपणी पेशीचा स्वतःचा वाढीचा जोर पण उतरलेला असतो. २००८ मध्ये उंदरांत पीटेन नावाचा जीन काढला तर डोळ्याच्या नसेचे (ती मेंदूचाच भाग धरतात) तंतू पुन्हा वाढले. पण तोच जीन कॅन्सरला पण ब्रेक लावते, म्हणून माणसात असा सरळ काढून टाकता येत नाही. त्या पोराच्या काकांना कोणीतरी लाखोंचं इंजेक्शन सुचवलंय, मी हात जोडून नाही म्हटलं.

काल त्याला एवढंच सांगितलं की तुझ्या पेशी मेल्या असं नाही, त्यांना वाट नाही भेटून राहिली. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणे, "वाट त बनवाच लागन नं कोणाले तरी." आणि व्हीलचेअर वळवून पट्ट्यांच्या व्यायामाला गेला.

माझं म्हणशील तर तान्ह्या पोळ्यापर्यंत बोटाच्या टोकाला जीव यायला पाहिजे. सध्या चहाचा ग्लास गरम आहे का तेही या बोटांना कळत नाही, दोनदा भाजलं. जूनमध्ये येशील तेव्हा तर्री पोहे खाऊ, चमचा मात्र तू धरायचा.

तुझा,
बंड्या