कॅलिफोर्नियातलं शाकाहारी जेवण

प्रिय मंदार,

बर्कलीला जातोयस आणि तिथल्या शे पानिस या रेस्टॉरंटमध्ये जेवायचं ठरवलंयस, म्हणून लगेच लिहितोय. ॲलिस वॉटर्स यांनी १९७१ साली सुरू केलेल्या या जागेत खाली त्या रात्रीचा एकच ठरलेला बेत असतो. वरचा कॅफे १९८० पासूनचा, तिथे निवडून मागवता येतं. शाकाहारी माणसानं पहिल्यांदा वरच बसावं.

खालीच बसायचं असेल तर टेबल राखून ठेवतानाच सांग. शेतावरून काय आलं त्यावर बेत ठरतो, आणि एकदा स्टॉकचं (हाडं किंवा भाज्या उकळून काढलेल्या पाण्याचं) पातेलं चढलं की आयत्या वेळी दुसरा बेत लावणं अवघड.

नुसतं ‘व्हेजिटेरियन’ म्हणू नकोस. तिकडे त्यात अंडं येतंच. चीजचंही तसंच: अस्सल पार्मिजानो रेज्जानोला वासराच्या जठरातलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारं द्रव्य, लागतं, नियमच आहे तो. ‘व्हीगन’ म्हणालास तर दूध-लोणीही जाईल. म्हणून एकेक नाव घे: चिकन स्टॉक, अँकोव्ही (खारवलेले छोटे मासे), जिलेटिन (प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासूनचं), चरबी, प्राण्याच्या रेनेटचं चीज नको; लोणी, साय चालेल.

रिसोटोला, म्हणजे इटालियन मऊ भाताला, सर्वांत जास्त जप. तांदूळ लोण्यात परततात आणि गरम स्टॉक डावाडावानं घालत १८-२० मिनिटं ढवळतात. वाटीभर तांदूळ तीन-साडेतीन वाट्या स्टॉक पितो. तो कोंबडीचा असेल तर वरचे तुकडे काढून काय उपयोग, दाण्यादाण्यात तोच मुरलेला! वेटरला ‘यात मांस आहे का’ विचारलंस तर तो खरेपणानं नाही म्हणेल. ‘कशात शिजवलंय’ असं विचार. सूपलाही हाच प्रश्न. अशा ठिकाणी सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये अँकोव्ही, पाना कोटा या सायीच्या गोड पदार्थात जिलेटिन असतं.

आणि मांस वगळून उरलेलं ताट मुळीच घेऊ नकोस. भाजीला इतका मान देणारी स्वयंपाकघरं थोडी आहेत, तिथे भाजीचाच पदार्थ माग. शक्यतो ऑगस्ट-सप्टेंबरात जा: टोमॅटो, मका, वांगी, पीच, आणि शेंगांतून नुकतेच सोललेले ओले दाणे, आपल्या पावट्यासारखे मऊ शिजवून वर ऑलिव्ह तेल सोडलेले. फेब्रुवारीत कंद, कडसर पानं आणि संत्र्यांवरच भागवावं लागतं.

बकरीच्या चीजचं सॅलड तिथलं प्रसिद्ध: चकती ऑलिव्ह तेलात मुरवून, ब्रेडच्या चुऱ्यात घोळवून भाजतात. मागवण्याआधी चीजमधलं रेनेट कुठलं ते विचार.

बिलात सेवाशुल्क धरलंय का पाहा, मगच टीप ठेव.

तुझा,
निखिल